ओल्ड डेक्कन डेज

ओल्ड डेक्कन डेज (पूर्ण शीर्षक: ओल्ड डेक्कन डेज, ऑर, हिंदू फेअरी लेजंड्स करंट इन सदर्न इंडिया) हा १८६८ साली लंडन येथील जॉन मरी या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केलेला इंग्रजी लोककथासंग्रह आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कन्या मेरी फ्रिअर या त्याच्या संकलक असून त्यातील २४ कथा त्यांच्या आया ॲना लिबेराता डिसोझा यांनी सांगितलेल्या आहेत. ग्रंथाची प्रस्तावना व टिपा बार्टल फ्रिअर यांनी लिहिल्या आणि चित्रे मेरी यांच्या भगिनी कॅथरीन फ्रान्सिस फ्रिअर यांनी काढली. प्रत्यक्ष सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकून टिपलेल्या भारतीय लोककथांचा इंग्रजीतील पहिला महत्त्वाचा संग्रह म्हणून हा ग्रंथ ओळखला जातो. कथा सांगणाऱ्या स्त्रीचे नाव आणि तिने स्वतः कथन केलेली जीवनहकीकत ग्रंथातच छापलेली असल्यामुळे लोकसाहित्याच्या अभ्यासात त्याला वेगळे स्थान आहे.

पार्श्वभूमी

सर हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते साताऱ्यास रेसिडेंट होते, त्यामुळे दख्खनचा मुलूख त्यांच्या परिचयाचा होता. त्यांची ज्येष्ठ कन्या मेरी एलिझा इझाबेला फ्रिअर (१८४५–१९११) वयाच्या अठराव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुंबईस आली.

१८६५–६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरांनी दक्षिण मराठा मुलखाचा दौरा केला. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, धारवाड या परिसरातील संस्थाने व जिल्हे यांना त्या काळी इंग्रजी कारभारात हे नाव होते. लेडी फ्रिअर तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या. छावणीत मेरी यांच्या बरोबरीची दुसरी स्त्री नव्हती आणि सोबतीला होत्या त्या आया ॲना. मुक्कामामागून मुक्काम करीत चाललेल्या या लांबच्या प्रवासात वेळ जावा म्हणून मेरी यांनी ॲना यांना एखादी गोष्ट सांगण्याचा आग्रह केला. आरंभी ॲना यांनी आढेवेढे घेतले; पुढे मात्र एकीतून दुसरी गोष्ट आठवत गेली आणि संग्रह आकारास आला. फ्रिअर कुटुंब १८६७ मध्ये भारतातून परतले व पुढील वर्षी पुस्तक प्रसिद्ध झाले.

कथनकार

ॲना लिबेराता डिसोझा या ख्रिस्ती होत्या. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार त्यांचे आजोबा मूळचे लिंगायत असून घराणे कालिकतचे होते. पुढे ते गोव्याजवळ स्थायिक झाले आणि तेथे आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे रागावलेल्या पणजोबांनी त्यांना कुटुंबासह घराबाहेर काढले. आजोबांनी नंतर इंग्रजांच्या सैन्यात नोकरी केली. हकिकतीत ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ झालेल्या खडकीच्या लढाईचा उल्लेख येतो. पेशवाईच्या अखेरीस कारण ठरलेल्या या लढाईविषयी ग्रंथाच्या टिपांमध्ये स्वतंत्र खुलासा दिलेला आहे.

गोष्टींचा वारसा ॲना यांना आजीकडून मिळाला. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर दोन मुलांच्या पालनपोषणासाठी त्यांनी इंग्रज कुटुंबांत आयाचे काम पत्करले आणि इंग्रजी भाषा त्या कामाच्या ओघातच शिकल्या. पुढे त्यांचा मुलगा नदीत बुडून मरण पावला. आयुष्यातील हे आघात त्यांनी हकिकतीत थोडक्या व साध्या शब्दांत सांगितले आहेत.

‘द नॅरेटर्स नॅरेटिव्ह’ या शीर्षकाने छापलेली ही हकीकत मेरी यांनी ॲना यांच्याशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून जुळवली. तिच्यात आजीच्या काळची स्वस्ताई, त्यानंतर वाढलेली महागाई, रुपया व आण्यांचा बदललेला हिशेब अशा विषयांवर ॲना यांनी आपली मते मांडली आहेत. इंग्रजी राज्यात झालेल्या सुधारणांची भलावण त्यांच्या मालकांच्या वर्तुळात नेहमी होत असे. ॲना यांच्या बोलण्यात मात्र घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेने घेतलेला त्या काळाचा ताळेबंद दिसतो. एकोणिसाव्या शतकात एका कष्टकरी भारतीय स्त्रीने सांगितलेली जीवनकथा छापली जाणे दुर्मीळ होते. म्हणून कथांइतकेच या हकिकतीलाही महत्त्व दिले जाते.

ॲना यांचे निधन १८८७ मध्ये पुण्याजवळील गणेशखिंड येथील गव्हर्नमेंट हाऊसमध्ये झाले. ही वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

संकलनाची पद्धत

प्रत्येक गोष्ट ऐकताना मेरी टिपणे काढीत, नंतर ती सविस्तर लिहून काढीत आणि लिहिलेला मजकूर ॲना यांना वाचून दाखवीत. तपशील चुकला नाही याची खात्री करून घेण्याचा हा मार्ग होता. सांगणाऱ्यास मजकूर ऐकवून त्याची मान्यता घेणे ही पुढील काळातील लोकसाहित्य-संकलनाची महत्त्वाची शिस्त ठरली. मेरी यांच्यासमोर मात्र तेव्हा असा कोणताही प्रस्थापित दंडक नव्हता.

या पद्धतीलाही मर्यादा होत्या. ॲना गोष्टी इंग्रजीत सांगत. म्हणजे त्यांच्या आजीच्या तोंडची भाषा पहिल्याच टप्प्यावर बदललेली होती. ते भाषांतर ॲना यांनी स्वतः केलेले होते. दुसऱ्या टप्प्यावर त्यांच्या बोली इंग्रजीचे मेरी यांनी छापील इंग्रजीत रूपांतर केले. हकिकतीतील ॲना यांचे बोलणे आणि कथांची भाषा शेजारी ठेवून वाचली असता हा फरक जाणवतो. हकिकतीत बोलण्याची ढब बरीचशी टिकून आहे, तर कथा व्हिक्टोरियन काळातील इंग्रज बालवाचकाला रुचेल अशा वळणाने जातात.

भाषांतर आणि शब्द

कथांमध्ये अनेक भारतीय शब्द तसेच ठेवलेले आहेत. राजा, राणी, वजीर, माळी, राक्षस, बाई या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द न देता त्या काळच्या लिप्यंतरात छापले आहे. व्यक्तिनामांच्या स्पेलिंगवरून मूळ उच्चार ओळखता येतात: ‘सेव्हंटी बाई’ ही शेवंतीबाई, ‘लिटल सूर्या बाई’ ही सूर्याबाई, ‘पंच-फूल रानी’ ही पाच फुलांची राणी आणि ‘मुची लाल’ हा मच्छीलाल.

‘द व्हॅलियंट चॅटी-मेकर’ या कथेच्या शीर्षकातील ‘चॅटी’ हा शब्द मराठी नाही. मडके या अर्थाचा हा शब्द तमिळ व मलयाळम भाषांतील ‘चट्टी’ या शब्दापासून इंग्रजांच्या भारतीय बोलीत रुळला होता. दख्खनचे नाव मिरवणाऱ्या पुस्तकातील कुंभारासाठी दक्षिणेकडून आलेला शब्द वापरला जावा, हे या कथांच्या प्रवासाशी सुसंगत आहे.

शीर्षकातील ‘हिंदू’ हा शब्दही तपासून पाहावा लागतो. कालिकतहून गोव्याकडे आलेल्या आणि धर्मांतरित झालेल्या घराण्यातील ख्रिस्ती आजीने या गोष्टी नातीला सांगितल्या होत्या. धर्म, प्रांत आणि भाषा बदलल्या तरी घरातील गोष्टी बदलल्या नाहीत, ही बाब शीर्षकातून लक्षात येत नाही. ती हकीकत वाचल्यावरच कळते.

कथांचे स्वरूप

संग्रहात राक्षस, जादूगार व राजकन्या यांच्या अद्भुत कथा, प्राणिकथा आणि विनोदी कथा आहेत. त्यांपैकी काहींचा परिचय पुढीलप्रमाणे:

पंचकिन: संग्रहातील ही पहिली कथा आहे. पंचकिन नावाचा जादूगार बालना या राजकन्येला पळवून नेतो आणि तिच्या पतीला शिळा करून टाकतो. मोठा झाल्यावर तिचा मुलगा तिचा शोध घेत येतो. बालना गोड बोलून जादूगाराकडून त्याच्या मृत्यूचे रहस्य काढून घेते. दूरच्या अरण्यात ताडांच्या वर्तुळात एकावर एक ठेवलेल्या पाण्याने भरलेल्या सहा मडक्यांखाली पिंजऱ्यात एक हिरवा पोपट आहे व त्यात जादूगाराचा प्राण आहे. मुलगा पोपट मिळवतो आणि पोपटाचा अंत होताच जादूगारही मरतो. ‘राक्षसाचा जीव पोपटात’ ही कल्पना मराठी बोलण्यातही रूढ आहे.

शूर कुंभार: पावसाळी रात्री गळक्या झोपडीतील म्हातारी म्हणते की, तिला वाघापेक्षा या सततच्या ठिबकण्याची भीती वाटते. बाहेर आडोशाला बसलेला वाघ हे ऐकतो आणि ‘ठिबकणे’ हा कोणी भयंकर प्राणी असावा अशा समजुतीने घाबरतो. हरवलेले गाढव शोधत आलेला, नशेत असलेला कुंभार वाघालाच गाढव समजून बडवतो व घरी नेऊन बांधतो. या पराक्रमामुळे राजा त्याला सेनापती करतो. टिपटिप पावसाला भिणाऱ्या वाघाची ही गोष्ट मराठीसह अनेक भारतीय भाषांत सांगितली जाते.

सूर्य, चंद्र आणि वारा जेवायला जातात: तिघे मेघगर्जना व वीज या काका-काकूंकडे जेवायला जातात. घरी वाट पाहणाऱ्या आईची, म्हणजे दूरच्या तारकेची, आठवण फक्त चंद्र ठेवतो व बोटांत लपवून तिच्यासाठी थोडे अन्न आणतो. आईच्या शापाने सूर्य तापदायक व वारा नकोसा होतो आणि तिच्या आशीर्वादाने चंद्र शीतल राहतो. मूळ इंग्रजी कथेत चंद्र मुलगी आहे. मराठीत चंद्र पुल्लिंगी असल्यामुळे कथा पुन्हा सांगताना हे नातेही बदलते.

राम आणि लक्ष्मण, अथवा शहाणे घुबड: नावे रामायणातील असली तरी ही कथा राजपुत्र व वजीरपुत्र यांच्या मैत्रीची आहे. मित्राला वाचवताना वजीरपुत्र शिळा होतो व पुढे पुन्हा सजीव होतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहातील ‘विश्वासू योहान’ या जर्मन कथेशी तिचे निकटचे साम्य आहे.

जशास तसे: उसाच्या मळ्यात पोट भरल्यावर कोल्हा ओरडतो व उंटाला मार बसवतो. परतताना पाठीवर कोल्हा असताना उंट पाण्यात लोळण घेतो. उंट-कोल्ह्याची ही गोष्ट मराठी बालवाङ्मयातही परिचित आहे.

सोदेवा बाई: या कथेत नायिकेचा प्राण तिच्या गळ्यातील हारात आहे. पंचकिनच्या पोपटाचीच ही दुसरी तऱ्हा होय. तेथे खलपुरुषाचा प्राण बाहेर ठेवलेला आहे, येथे निष्पाप नायिकेचा. हरवलेल्या पादत्राणावरून तिचा शोध लागतो, हा भाग सिंड्रेलाच्या कथेची आठवण करून देतो.

चंद्रेचा सूड आणि शिलप्पदिकारम

‘चंद्राज् व्हेंजन्स’ ही कथा अभ्यासकांच्या दृष्टीने संग्रहातील सर्वांत लक्षणीय कथांपैकी एक आहे. चंद्रा या पतिव्रतेचा पती कोइला एका नर्तकीच्या नादी लागून निर्धन होतो. बायकोच्या पायातील दागिना विकण्यासाठी तो मदुरेस जातो; तेथे एका सोनाराच्या कारस्थानामुळे त्याच्यावर राणीचा दागिना चोरल्याचा आळ येतो आणि त्याला देहान्त शिक्षा होते. संतप्त चंद्रा नगराचा नाश करते.

हे कथानक प्राचीन तमिळ महाकाव्य शिलप्पदिकारम याच्या कथानकाशी जुळते. महाकाव्यात कोवलन आपली पत्नी कण्णगी हिचे नूपुर विकण्यास मदुराई नगरीत जातो, त्याच्यावर राणीचे नूपुर चोरल्याचा आरोप येतो व पांड्य राजा त्याचा वध करवतो. आपल्या नूपुरात माणके आहेत आणि राणीच्या नूपुरात मोती, हे दाखवून कण्णगी पतीचे निरपराधित्व सिद्ध करते. त्यानंतर मदुराई जळते. ‘कोइला’ या नावात ‘कोवलन’ हे नाव ओळखू येते.

उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी हस्तलिखितांच्या आधारे शिलप्पदिकारमची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली ती १८९२ मध्ये. त्याआधी २४ वर्षे या कथेचे एक लोकरूप ओल्ड डेक्कन डेजमध्ये इंग्रजीत छापले गेले होते. विद्वानांच्या संपादनाबाहेर ही कथा स्त्रियांच्या तोंडी जिवंत होती आणि दक्षिणेतून आलेल्या कुटुंबाबरोबर ती दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचली होती, याचा हा पुरावा आहे. कथनकाराच्या घराण्याची हकीकत छापली गेली नसती, तर ही कथा या संग्रहात कोणत्या वाटेने आली असावी हे सांगणे कठीण झाले असते.

चित्रे

ग्रंथातील चित्रे कॅथरीन फ्रान्सिस फ्रिअर यांची आहेत. ‘अ प्रॉपर न्यू बुक ऑफ कोकरी’ या सोळाव्या शतकातील इंग्रजी पाकपुस्तकाच्या १९१३ मधील आवृत्तीच्या संपादक म्हणूनही त्या ओळखल्या जातात. एकीने गोष्टी सांगाव्यात, दुसरीने लिहाव्यात आणि तिसरीने रेखाटाव्यात अशा रीतीने हा संग्रह तीन स्त्रियांच्या कामातून उभा राहिला. प्रस्तावना व टिपांमुळे गव्हर्नरांचे नावही त्याला जोडले गेले.

तोंडी कथेत राक्षस कसा दिसतो हे प्रत्येक श्रोता आपल्या मनाशी ठरवतो. छापील चित्र त्याला एक निश्चित रूप देते व मूळ कथा कधीही न ऐकलेल्या वाचकासाठी तेच रूप प्रमाण ठरते. इंग्लंडमधील वाचकाला राणीचा पोशाख किंवा दख्खनमधील गावाचा देखावा ठाऊक नसल्यामुळे चित्रकाराचे काम भाषांतरकाराच्या कामासारखेच होते. एका प्रदेशातील परिचित वस्तू दुसऱ्या प्रदेशातील वाचकाला ओळखू याव्यात अशा रीतीने त्याला मांडाव्या लागत.

पुढील काळात भारतीय लोककथांच्या संग्रहांना नामवंत चित्रकार लाभले. फ्लोरा ॲनी स्टील यांच्या ‘टेल्स ऑफ द पंजाब’ (१८९४) या संग्रहाची चित्रे जॉन लॉकवुड किपलिंग यांनी काढली, तर लाल बिहारी डे यांच्या ‘फोक-टेल्स ऑफ बेंगॉल’च्या १९१२ मधील आवृत्तीसाठी वॉरिक गोबल यांनी रंगीत चित्रे केली.

वेल्श कथांशी तुलना

ओल्ड डेक्कन डेजच्या तीन दशके आधी ब्रिटनमध्ये लेडी शार्लट गेस्ट यांनी मध्ययुगीन वेल्श कथांचे इंग्रजी भाषांतर ‘द मॅबिनोगियन’ या नावाने १८३८ पासून भागाभागाने प्रसिद्ध केले. ते १८४९ मध्ये तीन खंडांत पूर्ण झाले. हे भाषांतर त्यांनी आपल्या मुलांना अर्पण केले होते. त्यांचा मुख्य आधार ‘रेड बुक ऑफ हेर्गेस्ट’ हे १४०० च्या सुमाराचे हस्तलिखित होते. हस्तलिखिताची नक्कल मिळवणे, कठीण शब्दांचे अर्थ लावणे यांसाठी जॉन जोन्स (तेगिद) व टॉमस प्राइस या वेल्श विद्वानांचे त्यांना साहाय्य झाले.

दोन्ही ग्रंथांत उच्चवर्गीय इंग्रज स्त्रीने दुसऱ्या भाषिक समाजाच्या कथा इंग्रजीत आणल्या. मात्र शंका विचारण्याचे ठिकाण वेगळे होते. गेस्ट यांच्यासमोर शतकांपूर्वीचे हस्तलिखित होते व मूळ कथाकार अज्ञात होते. शब्द अडला तर पंडितांना विचारावे लागे. मेरी यांच्यासमोर कथा सांगणारी व्यक्तीच बसलेली होती. लिहिलेले चुकले असल्यास ती दुरुस्त करू शकत होती.

कथांच्या घडणीतही काही साम्यस्थळे आढळतात. मॅबिनोगियनच्या चौथ्या शाखेत ब्लोडेइवेद ही स्त्री काळजीचे सोंग करून आपला पती ल्यू याच्याकडून त्याचा मृत्यू कसा होऊ शकतो हे काढून घेते. घरात नाही व बाहेर नाही, एक पाय बोकडाच्या पाठीवर व दुसरा न्हाणीच्या टबाच्या काठावर, अशाच स्थितीत तो मारला जाऊ शकतो. हे ऐकून भारतीय वाचकाला हिरण्यकशिपूच्या वराचे स्मरण होते. बालनाही पंचकिनकडून असेच रहस्य काढून घेते. युक्ती एकच असली तरी एका कथेत ती विश्वासघात ठरते आणि दुसरीत सुटकेचा मार्ग.

वेल्समधील बेद्गेलर्ट या गावाशी निगडित गेलर्ट या कुत्र्याची दंतकथाही भारतीय कथेशी जुळते. बाळाला वाचवणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला लागलेले रक्त पाहून त्यानेच बाळाला मारले असे समजून धनी त्याला ठार करतो. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील ब्राह्मणी व मुंगूस यांची कथा याच घडणीची आहे.

या दोन्ही परंपरा १८९२ मध्ये एकाच संपादकाच्या हातून शेजारी आल्या. जोसेफ जेकब्स यांनी त्या वर्षी ‘सेल्टिक फेअरी टेल्स’ व ‘इंडियन फेअरी टेल्स’ हे संग्रह प्रसिद्ध केले आणि दोहोंची चित्रे जॉन डी. बॅटन यांनी काढली. पहिल्यात मॅबिनोगियनमधील ऑल्वेनच्या विवाहाची कथा व गेलर्टची दंतकथा आहे. दुसऱ्यात ओल्ड डेक्कन डेजमधून घेतलेल्या ‘पंचकिन’ व ‘सूर्य, चंद्र आणि वारा’ या कथा आहेत.

मॅबिनोगियनची पुढेही नवी भाषांतरे होत राहिली. ग्विन जोन्स व टॉमस जोन्स यांचे भाषांतर १९४८ मध्ये गोल्डन कॉकरेल प्रेसने डोरोथिया ब्रॅबी यांच्या लाकूडकोरीव चित्रांसह काढले. त्याच भाषांतराच्या १९८२ मधील आवृत्तीसाठी ॲलन ली यांनी चित्रे केली. शोनेद डेव्हिस यांनी २००७ मधील आपल्या भाषांतरात या कथा मोठ्याने वाचल्या व ऐकल्या जाण्यासाठी होत्या या बाबीवर भर दिला. मूळ वेल्श संहिता उपलब्ध असल्यामुळे असे पुनर्भाषांतर शक्य झाले. ॲना यांच्या आजीच्या भाषेतील संहिता कधीच लिहिली गेली नाही. त्यामुळे ओल्ड डेक्कन डेजचे मूळ आता इंग्रजीतच आहे.

आवृत्त्या आणि भाषांतरे

पहिल्या आवृत्तीनंतर १८७० व १८८१ मध्ये आणि पुढेही या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्याची जर्मन, हंगेरियन व डॅनिश या युरोपीय भाषांत, तसेच मराठी, हिंदुस्तानी व गुजराती या भारतीय भाषांत भाषांतरे झाली. मराठी भाषांतरामुळे दख्खनमध्ये ऐकलेल्या कथा इंग्रजीचा फेरा करून पुन्हा दख्खनच्या भाषेत आल्या. २००२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ किरिन नारायण यांनी प्रस्तावनेसह या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केली.

प्रभाव

ग्रंथ प्रसिद्ध होताच तुलनात्मक पुराणकथाशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याचा उपयोग केला. जॉर्ज डब्ल्यू. कॉक्स यांनी ‘द मायथॉलॉजी ऑफ द आर्यन नेशन्स’ (१८७०) या ग्रंथात पंचकिन व इतर कथांची युरोपीय कथांशी तुलना केली. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात शरीराबाहेर ठेवलेल्या प्राणाच्या कल्पनेची चर्चा करताना पंचकिनचे उदाहरण घेतले.

भारतातील कथासंकलनालाही या ग्रंथामुळे चालना मिळाली. मेव्ह स्टोक्स यांचा ‘इंडियन फेअरी टेल्स’, लाल बिहारी डे यांचा ‘फोक-टेल्स ऑफ बेंगॉल’ (१८८३) आणि फ्लोरा ॲनी स्टील व रिचर्ड टेंपल यांचा ‘वाइड-अवेक स्टोरीज’ (१८८४) हे संग्रह पुढील दोन दशकांत प्रसिद्ध झाले. स्टोक्स यांच्या संग्रहातील कथाही मुख्यतः घरातील आयांनी सांगितलेल्या आहेत. मराठीत लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाची मांडणी पुढे दुर्गा भागवत यांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) या ग्रंथात केली, तर सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्रातील मौखिक साहित्याच्या संकलनाचे मोठे काम केले.

मूल्यमापन

कथांचे श्रेय कोणाचे हा या ग्रंथाविषयीचा मुख्य प्रश्न आहे. मुखपृष्ठावर व ग्रंथसूचींत नाव येते ते मेरी फ्रिअर यांचे. एकोणिसाव्या शतकातील अनेक संग्रहांत कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख ‘एक म्हातारी’ किंवा ‘एक नोकर’ इतकाच असे. विल्यम क्रूक यांच्या संकलनकार्यातील पंडित रामगरीब चौबे यांचा वाटा साधना नैथानी यांच्या संशोधनामुळे बऱ्याच उशिरा प्रकाशात आला. त्या तुलनेत ॲना यांचे पूर्ण नाव, वंश, दुःखे व मते ग्रंथातच नोंदवलेली असणे हा मोठा अपवाद होय.

तथापि मालकीण व आया यांच्यातील संबंध समान नव्हता. काय टिपायचे, कोणत्या शब्दांत छापायचे व कोणता भाग गाळायचा याचा निर्णय मेरी यांच्या हाती होता. लीला प्रसाद यांनी ‘द ऑडेशस रॅकाँटर’ (२०२०) या ग्रंथात वसाहतकालीन भारतीय कथनकारांचा विचार करताना ॲना यांच्या कथनाचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. अलीकडील अभ्यासामुळे ओल्ड डेक्कन डेजकडे ॲना लिबेराता डिसोझा यांची साहित्यकृती म्हणूनही पाहिले जाऊ लागले आहे.

हेही पहा

पंचतंत्र
कथासरित्सागर
शिलप्पदिकारम
मॅबिनोगियन
खडकीची लढाई
दुर्गा भागवत